टाइल्स नंतर बघा, आधी खडू घ्या

घर बांधणाऱ्या कुणालाही विचारा, काम कुठवर आलं? उत्तर ठरलेलं: "झालंच म्हणा, आता फक्त फिनिशिंग राहिलंय." या 'फक्त'ची मला आता धास्तीच बसलीय.

आमची चूक सांगतो. प्लास्टर होईपर्यंत आम्ही रोज रात्री मोबाईलवर टाइल्सचे रंग बघत बसलो. कपाट कुठल्या भिंतीला लागणार, हे मात्र कुणी ठरवलंच नाही. वायरमनने विचारलं, "साहेब, बोर्ड कुठे घेऊ?" मी म्हटलं, "घ्या की नेहमीसारखा." कपाट आलं आणि तो नेहमीसारखा बोर्ड बरोबर त्याच्या पाठीमागे गेला. मग पुट्टी झालेल्या भिंतीला वायरसाठी पुन्हा झिरी, म्हणजे कापलेली खाच, पुन्हा प्लास्टर, पुन्हा पुट्टी. तिरका उजेड पडला की तो पट्टा अजून दिसतो.

म्हणून माझं मत, अंतर्गत सजावट प्लास्टरच्या आधी सुरू होते. झिऱ्या मारण्यापूर्वी जमिनीवर खडूने पलंग, कपाट, टेबल खऱ्या मापात आखा. दार उघडून कुठवर येतं तेही आखा, नाहीतर बटण दारामागे जातं. पाईप टाकून झाले की प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, शेजारी टेप धरून. पुढे ड्रिल मारताना तोच फोटो उपयोगी पडतो. विटांचं काम आणि काँक्रीट जिथे मिळतं तिथे प्लास्टरखाली जाळी घ्या. ती नसली की पुढे नेमकी त्याच रेषेत चीर यायची शक्यता जास्त.

बाथरूमच्या बाबतीत तर मी आता भांडतोच. वॉटरप्रूफिंग झालं की ट्रॅपचं, म्हणजे जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याचं, तोंड बंद करून पाणी भरून ठेवा, निदान 24 तास, 48 झाले तर उत्तम. खालच्या छताला ओल दिसली नाही तरच टाइल. उतार मीटरभरात साधारण 1 सेंमी तरी हवा. नजरेला सगळं सपाटच वाटतं, पण बादलीभर पाणी ओतलं की खरं कळतं. आमच्याकडे ते ट्रॅप सोडून कमोडमागच्या कोपऱ्यात जाऊन बसलं! फरशी पक्की व्हायच्या आधी कळलं म्हणून निभावलं.

रंगाची घाई मात्र सगळ्यांनाच असते. सिमेंट प्लास्टरला आठवडाभर पाणी मारायचं आणि नंतर ते नीट सुकू द्यायचं. पाण्यासकट मिळून महिना गेला तरी चालेल. वरून कोरडी दिसणारी भिंत आत ओली असते, आणि मग महागडा रंगही पोपडे धरतो. त्यात कंपनीचा काय दोष?

टाइल बसल्यावर मी नाणं घेऊन एकेक वाजवत फिरलो. घरचे हसले. दोन टाइल भद्द वाजल्या. मिस्त्री म्हणाला, "एवढं चालतं." मी म्हटलं, "काढा." उचलल्या तर खाली चार कोपऱ्यांत मालाचे चार गोळे, मधे एक, बाकी सगळं पोकळ. दोन दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही. पण पुढच्या प्रत्येक टाइलला माल कडेपर्यंत ओढत होता.