‘आळशी’ शहापूर आणि आपला नळ

दर उन्हाळ्यात ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज उगवतो आणि पहिल्या पावसाबरोबर गायब होतो. मजकूर थोडक्यात असा: आपल्याच जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाड तालुक्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तरी टँकर लागतो, कारण लोक आळशी. इस्रायल बघा, वाळवंटात शेती करतो. श्रमदानाचे वनराई बंधारे, म्हणजे ओढ्यात मातीने भरलेल्या गोण्या रचून घातलेले बांध, फोटोपुरते, पहिल्या पुरात वाहून जातात. त्यापेक्षा माणसं शहरात आणून वसवा. यंदा तो तिघांनी टाकला. त्यातले एक आमचे सेक्रेटरी.

पावसाचा आकडा खरा आहे. पण तो चार महिन्यांत पडतो, उतारावर पडतो आणि खाली काळा कातळ. भेगा असतील तिथे थोडं मुरतं, बाकीचं ओढ्या-नद्यांतून खाडीला. दिवाळीनंतर विहिरी उतरायला लागतात, होळीच्या सुमाराला तळ दिसतो. मग बायका ओढ्याच्या पात्रात डवरा खणून बसतात आणि झिरपेल तसं पाणी वाटीने हंड्यात घेतात. एकदा मी घड्याळ लावलं होतं: एका हंड्याला पंचवीस मिनिटं. आळशी माणसाला हे जमायचं नाही.

बरं, तालुक्यात पाणी अडवलेलं नाही असंही नाही. तानसा धरण 1892 चं, भातसा त्याच्या जवळजवळ शंभर वर्षांनंतरचं, दोन्ही शहापुरात. मुंबईच्या सात तलावांत मिळून जेवढं साठतं, त्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातशात. आणि ठाणेकरांनी लगेच मुंबईकडे बोट दाखवू नये. आपल्या महापालिकेची स्वतःची योजनाही पिसे इथे भातसा नदीतूनच पाणी उचलते.

इस्रायलचं उदाहरण तर मेसेजवरच उलटतं. तिथल्या सरकारने 1964 साली गॅलिली सरोवराचं पाणी कोरड्या दक्षिणेकडे नेणारी वाहिनी पुरी केली. ठिबक आहे, पण आधी पाणी पोचलं. आपल्याकडची पाइपलाइन तहानलेल्या गावाच्या शिवारातून जाते, थांबते मात्र ठाण्या-मुंबईत.

आता बंधारे. वाहून जातात? हो, जातातच, आणि गेलेच पाहिजेत. हा बंधारा एका हंगामाचा असतो. पावसाळा सरला की, ओढ्याला धार असतानाच, तो घालायचा. पुढच्या पावसात ओढा मोकळा व्हायला हवा, नाहीतर पाणी शेतात घुसेल. डोळखांबच्या पुढे एका पाड्यावर मी यासाठी जातो. घोडबंदरच्या बांधकामांवरून सिमेंटच्या रिकाम्या गोण्या गोळा करून नेतो, एवढंच माझं कौशल्य. पहिल्या वर्षी गोण्या तोंडापर्यंत ठासून भरल्या. एक ठाकर आजी बघत होत्या. म्हणाल्या, “दादा, तिचं पोट कमी कर. गोणी बसली पाहिजे.” खरंच, गच्च भरलेली गोणी लोळते, मधल्या फटीतून पाणी पळतं. थोडी रिकामी ठेवून दाभणाने शिवली की ती शेजारणीला चिकटते. मग विटांसारखा सांधा मोडत थर चढवायचे, मध्ये चिकण माती दाबायची. चार थर आणि दुपारची भाकरी होईपर्यंत मागे गुडघाभर पाणी होतं. त्या वर्षी शेजारची विहीर होळीनंतरही उपसता येत होती. एवढंच त्याच्याकडून मागायचं असतं. पक्क्या धरणाशी तुलना करणं म्हणजे छत्रीला छप्पर का नाही म्हणून विचारणं.

फोटोपुरते बंधारेही मी पाहिलेत, ते नाकारत नाही. जानेवारीत, ओढा आटल्यावर, उद्दिष्ट पुरं करायला घातलेले. फ्लेक्स बंधाऱ्यापेक्षा लांब. त्यांना खुशाल नावं ठेवा.

राहिलं शहरात आणणं. ती माणसं दरवर्षी येतातच की. भात झोडून झालं की भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर, पोरंबाळं घेऊन, आधी घेतलेली उचल फेडायला. आपल्या इमारतींच्या भिंती त्यांनीच थापल्यात. आणि तालुक्यात करण्यासारखं काही नाही म्हणावं, तर शहापुरातल्याच कातकरी तरुणांनी रानातली गुळवेल सुकवून मोठ्या औषध कंपन्यांच्या ऑर्डरी मिळवल्या आहेत. आमच्या पाड्यावर त्या मानाने किरकोळच. गेल्या हिवाळ्यात तीन घरांनी उचल घेतली नाही, बंधाऱ्याच्या काठाला भेंडी लावली. बाकीची घरं दिवाळीनंतर कुलूप लावून भट्टीवर गेली.