वरचं बंद हाय

शेजारी उभं राहून मारलेली हाकसुद्धा ज्यांना ऐकू येत नाही, अशा गृहस्थांनी परवा भर दुपारी माझ्या गाडीचा ट्वीटर, म्हणजे उंच सुरांचा छोटा स्पीकर, बंद असल्याचा निकाल दिला आणि दुकानातल्या एकूण एक माणसानं तो मान्य केला. मी सोडून. पण मी पडलो नुसता गाडीचा मालक, मला कोण विचारतो!

मागचं थोडक्यात सांगतो. गाडी जर्मन, सेकंडहँड, पुण्याहून आणलेली. पहिल्याच दिवशी मुलीनं गाणं लावलं, चौकापर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "बाबा, फोनवरच लावू या का?" ह्या गाड्या बनवणारे इंजिन, गिअरबॉक्स, सीटचं कातडं, सगळ्याला जीव लावतात आणि आवाजाच्या खात्याशी आले की हात आखडता घेतात. हरमन कार्डन, बर्मेस्टर अशी नावं स्पीकरच्या जाळीवर पाहिजे असतील तर वेगळे पैसे मोजा. आधीच्या मालकानं ते मोजले नव्हते. पुणेकर होता, एवढं बोलून मी त्याचा विषय संपवतो.

साधी गाडी असती तर जुना स्टिरिओ उपसून नवा बसवला असता. इथं ती सोय नाही, कारण एसी, रिव्हर्स कॅमेरा, सर्व्हिसची तारीख, सगळा संसार त्याच पडद्यामागे. शिवाय माझ्या मॉडेलात डिकीतल्या ॲम्प्लिफायरपर्यंत गाणं तांब्याच्या तारेतून जातच नाही. प्लॅस्टिकच्या बारीक फायबरमधून लाल उजेड होऊन जातं. 'मोस्ट' म्हणतात ह्या पद्धतीला. २००१ साली बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सीरिजमध्ये ती पहिल्यांदा आली. सगळे डबे एका रिंगणात जोडलेले असतात, एक रुसला की अख्खं रिंगण मुकं. फायबर २५ मिलिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वाकवला की उजेड बाहेर गळतो. हे सगळं मी फिटरला नीट समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, दातात धरलेली टेप काढली आणि म्हणाला, "होतंय की ओ सर."

ह्या "होतंय की ओ"वर अर्धं सोलापूर उभं आहे आणि उरलेलं अर्धं खोळंबलंय.

बेत साधा होता. कंपनीच्या पडद्याला हात लावायचा नाही. डिकीतल्या ॲम्प्लिफायरमधून पुढं ज्या तांब्याच्या तारा निघतात, त्यांच्यावरून सिग्नल उचलायचा आणि नव्या डीएसपी (चिपनं आवाज सुधारणाऱ्या) ॲम्प्लिफायरला द्यायचा. स्पीकर हलके म्हणून कंपनी आवाज वाढवला की गुपचूप बेस कमी करते. ही लबाडी डीएसपीनं सरळ करायची. दारात नवे स्पीकर, दाराच्या पत्र्याला आतून ब्यूटाइल रबराच्या शीट, आणि वर काचेशेजारच्या खांबात ट्वीटर.

खांबाशी मामा आले.

मामा म्हणजे शेजारच्या चहाच्या टपरीवरचे कायमचे सभासद. सगळा जन्म पूर्व भागात टॉवेलच्या मागांवर जॉबर म्हणून गेला. जॉबर म्हणजे मागांचा डॉक्टर. माग बिघडला की धोटा थांबायच्या आत त्याला कळायला हवं, कुठलं चाक झिजलंय ते. यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज सहज ९० डेसिबलच्या वर असतो. तिथं माणसं तोंडानं बोलतात आणि डोळ्यांनी ऐकतात. अशा आवाजात वर्षानुवर्षं काढली की कान आधी ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे उंच सुरांना, मरतो. ट्वीटरची खरी ड्यूटी तिथंच कुठंतरी सुरू होते. मामांच्या कानाचं ते दुकान कधीच बंद झालेलं. पण हात शाबूत. पत्र्यावर तळवा ठेवला की आत काय चाललंय ते ते सांगतात, आणि फिटर त्यांचं ऐकतो.

त्यांनी खांबावरच्या कंपनीच्या जाळीवर दोन टिचक्या मारल्या. "पोकळ हाय."

फिटरनं पट्टी उघडली. खरंच पोकळ! बाहेर सुबक जाळी, जाळीला बारीक भोकं, आणि आत हवा. स्पीकर नाही, तार नाही, काही नाही. एवढ्या लाखांची गाडी विकताना शोभेची जाळी लावतात आणि कुणाला काही वाटत नाही. आपल्याकडं चादरीत दोन धागे कमी निघाले तर गिऱ्हाईक काउंटरवर उभं राहून भांडतं. जाऊ दे. मुद्दा असा की पहिल्या फेरीत मामा बरोबर निघाले, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

मध्ये फिटरच्या घरून फोन आला, पाणी आलंय. चार-चार, पाच-पाच दिवसांआड येणाऱ्या पाण्यापुढं जर्मनी काय आणि जपान काय! चारी दारं उघडी, सीट फुटपाथवर, डिकीतून तारा लोंबताहेत, अशा अवस्थेत गाडी सोडून तो स्वतःच्या दुचाकीवर टांग मारून गेला. पोराला जाताना एवढंच म्हणाला, "बघ बे, कुणी हात लावू देऊ नको." पोरगं लगेच मोबाइल बघायला लागलं. मी ४२ अंशांत माझ्याच सीटवर, पण फुटपाथवर बसून पहारा केला. जाणारा-येणारा विचारत होता, "सर, सीट विकायचीय का?"

पाणी भरून तो परत आला, ट्वीटर बसले आणि चाचणी सुरू झाली. २० हर्ट्झपासून २०,००० पर्यंत चढत जाणारा आवाज त्यानं लावला. मामांनी दारावर तळवा टेकवला. खालचे सूर सुरू झाले तसे ते मान डोलवायला लागले. "आला… आला… चांगलाय." आवाज चढत गेला, शिट्टी सुरू झाली, माझ्या दाढा शिवशिवल्या. मामांनी हात काढून घेतला.

"गेला."

"मामा, वाजतोय की," मी म्हणालो.

"वरचं बंद हाय."

"मामा, चालू आहे!"

त्यांनी माझ्या ओठांकडं पाहिलं, मग फिटरकडं. "कोण, हा? नाय ओ. चांगला पोरगा हाय."

आता टपरीवरची माणसं ग्लास घेऊन उठली. एक रिक्षावाला, चहाचं पोरगं, आणि नंबरप्लेट लावायला आलेले एक जाडजूड गृहस्थ. मी रिक्षावाल्याला म्हटलं, तुम्हीच कान लावून सांगा. त्यानं खांबाला कान लावला, डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं.

"येलालाय आवाज."

"बघा!"

"पण मामा म्हणलालेत म्हणजे कमी येत असंल."

नंबरप्लेटवाले गृहस्थ म्हणाले, "मगाशी बी पोकळच निघालं की ओ." ह्यावर काय बोलणार? फिटरला मी लॅपटॉपचा पडदा दाखवला, आलेख दाखवला, तूच लावलास ना रे बाबा, असंही म्हटलं. तो माझ्याकडं बघत होता, पण त्याचा स्क्रूड्रायव्हर खांबाकडं चालला होता. (मलाही १३-१४ हजारांच्या पुढचं काही ऐकू येत नव्हतं. ते मी त्या गर्दीत कशाला सांगू?)

पट्टी पुन्हा उपसली. टक् असा आवाज झाला. तो सगळ्यांना ऐकू आला, मामा सोडून.

त्या खांबात पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते. ती फुटली तर पट्टी उडून तोंडावर येऊ नये म्हणून तिला खास क्लिप असते, आणि माझ्या गाडीत ती एकदाच वापरायची. काढली की नवी घाला. पहिल्यांदा पट्टी काढली तेव्हा ती कशीबशी वाचली होती, दुसऱ्यांदा मान टाकली. ट्वीटर अर्थातच ठणठणीत होता. "चालू हाय की ओ," फिटर मलाच म्हणाला, जणू मी बंद म्हणत होतो!

पट्टी तशीच दाबून बसवली आणि गाणं लावलं. ढोलकीच्या प्रत्येक थापेला खांब झर्रर्र करायला लागला. मामांनी तळवा टेकवला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हां! आता वाजलालंय!"

रिक्षावाल्यानं टाळी दिली. मामांनी चहाशिवाय काही घेतलं नाही, उलट जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, वरच्याचे पैसे अर्धेच द्या. फिटरनं पूर्ण घेतले.

पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. नखाएवढी क्लिप, कुरिअरनं पाठवा म्हटलं. तर म्हणे एअरबॅगचा भाग आहे, सुटी मिळणार नाही, गाडी आणावी लागेल, तपासणीचे पैसे वेगळे, आणि बाहेर काम केलंय म्हणून वॉरंटीचं बघावं लागेल. अडीचशे किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं, टोल भरायचा, ते एका क्लिपसाठी. शोभेची जाळी लावून फसवताना ह्यांना कुणी वॉरंटी विचारली नव्हती. हे मी बोललो, तर पलीकडून सौम्य संगीत सुरू झालं. तेही एका कानात येत होतं.

काल सात रस्त्याच्या सिग्नलला उभा होतो. शेजारी एक रिक्षा येऊन थांबली. तोच रिक्षावाला, मागं तीन पॅसेंजर. त्यानं वाकून माझ्या खांबाकडं बोट केलं.

"सर, वरचं चालू झालं का?"

तिन्ही पॅसेंजर वाकून बघायला लागले. मी काच वर केली.