‘दोन रविवार वाया गेले’ म्हणणाऱ्या उदगीरच्या भाऊंना

नमस्कार भाऊ,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि लगेच उत्तर लिहायला बसलो. चार ओळींतच भाषा घसरायला लागली, म्हणून लॅपटॉप मिटून झोपलो. सकाळी चहा घेताना परत वाचली. रागवावं असं त्यात दीडच वाक्य आहे, बाकी बरंचसं खरं आहे.

मधूनच येणाऱ्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. पीएस४ या गेम खेळायच्या कन्सोलसाठी घरचा वायफाय कसा लावावा यावर मी लेख लिहिला होता. त्यातला पोर्टचा, म्हणजे बाहेरून आत यायच्या नंबरवार दारांचा, तक्ता तुम्ही जसाच्या तसा भरला, दोन रविवार घातले, पण ‘नॅट टाइप ३’ जागचा हलला नाही. (बाहेरून कन्सोलपर्यंत पोचणं किती मोकळं आहे याचा हा शेरा; १ सगळ्यात मोकळा, ३ सगळ्यात अडलेला.) तुमचा मित्र म्हणतो की राऊटरमधलं डीएमझेड नावाचं सेटिंग लावलं की काम होतं, मग मी एवढं पुराण कशाला लावलं? लॅग, म्हणजे खेळ मागं पडून अडखळणं, घालवायला २०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या, हे मी सरळ का सांगत नाही? आणि शेवटी, ‘इंग्रजी लेख मराठीत उतरवलाय, आपल्याकडं कुणाच्या घरी कसला राऊटर असतो हे लेखकाला माहीतच नाही.’

शेवटापासून सुरू करतो, कारण तेच जास्त झोंबलं.

लेख लिहिला तेव्हा माझ्यासमोर मी स्वतः विकत घेतलेला राऊटर होता आणि त्याचा ॲडमिन पासवर्ड माझा होता. आपल्याकडं बहुतेक घरांत तसं नसतंच. केबलवाल्याचा पोरगा येतो, खांबावरून आणलेली काळी वायर खिडकीच्या फटीतून आत घेतो, भिंतीवर एक पांढरा डबा ठोकतो आणि मोबाइलवर एखादा व्हिडिओ लावून दाखवतो. ‘चालू झालं बगा सर.’ डब्याचा पासवर्ड त्याच्याकडं, कनेक्शनचा युजरनेमही त्याच्याकडंच, आणि तो फोन उचलेल तेव्हा खरा. हा डबा म्हणजे ओएनटी. फायबर त्यात उतरते, आणि राऊटर व वायफायही त्याच्याच पोटात असतात. मी मात्र ‘राऊटरच्या सेटिंगमध्ये जा’ असं बिनधास्त लिहून मोकळा झालो. कुठल्या राऊटरच्या, ते लिहिलंच नाही.

तुमचे दोन रविवार बहुधा तिथंच गेले.

पोर्ट उघडायच्या आधी एक गोष्ट बघायची असते. ती मी लेखाच्या तळाशी, ‘तरीही न जमल्यास’ या मथळ्याखाली टाकली होती. आधी कळस, मग पाया. ती गोष्ट म्हणजे वॅन आयपी, डब्याला कंपनीकडून मिळालेला बाहेरच्या बाजूचा पत्ता. डब्याच्या पाठीवरच्या स्टिकरवर १९२.१६८ ने सुरू होणारा एक पत्ता असतो. तो ब्राउझरमध्ये टाका, लॉगिन करा आणि स्टेटस नाहीतर वॅन नावाचं पान उघडा. तिथं चार आकड्यांचा आयपी दिसेल. पहिला आकडा १०० आणि दुसरा ६४ ते १२७ च्या दरम्यान असेल, तर तिथंच थांबा आणि माझा तक्ता मिटून टाका. पहिला आकडा १० असेल तरी तेच.

असा आकडा दिसला म्हणजे बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता कंपनीने तुम्हाला दिलेलाच नाही. बऱ्याच गिऱ्हाइकांना मिळून बाहेरचा एकच पत्ता असतो आणि वाटणी कंपनीच्या मशीनमध्ये होते. याला सीजीनॅट म्हणतात. कंपनी मुद्दाम छळते असंही नाही. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, पत्ते जगात मिळून ४२९ कोटीच आहेत. आशियाला पत्ते वाटणाऱ्या एपनिक या संस्थेचा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या गठ्ठ्यावर आला. पुढच्या एप्रिलमध्ये १००.६४ पासूनचा हा पट्टा खास या वाटणीसाठी राखून ठेवला गेला. म्हणून तर तो आकडा बघून लगेच ओळखता येतं.

आता तुम्ही काय केलंत ते बघा. स्वतःच्या खोलीला नवीन दार पाडलं, त्यावर ३४७८, ३४७९, ३४८० असे नंबर रंगवले, कडीसुद्धा काढून ठेवली. पण वाड्याचा दिंडी दरवाजा बंद, आणि किल्ली मालकाकडं. समोरच्या खेळाडूचा कन्सोल येऊन बाहेरच उभा. दोन काय, वीस रविवार घातले असते तरी घोडं तिथंच पेंड खात राहिलं असतं.

हे मला पुस्तकातून कळलं म्हणाल तर नाही. मे महिन्यात मानवतला भाच्याकडं गेलो होतो. त्याचा पीएस४ असाच अडलेला. गेम सुरू व्हायचा, पण पार्टी चॅटमध्ये एका मित्राचा आवाज यायचा आणि दुसऱ्याचा नाही. भिंतीवर तोच पांढरा डबा, आणि त्याच्या मागं या पठ्ठ्याने स्वतःच्या पैशांनी चार अँटेनांचा राऊटर जोडलेला. पोर्टचा सगळा तक्ता त्या नव्या राऊटरमध्ये नीट भरलेला, एक आकडा चुकलेला नाही. वॅनचं पान उघडलं तर पत्ता १९२.१६८.१.७. म्हणजे या राऊटरचं ‘बाहेर’ हे पांढऱ्या डब्याचं ‘आत’ होतं. याला डबल नॅट म्हणतात. नव्या राऊटरला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकलं. आता तो फक्त वायफाय पसरवतो, पत्ते वाटायचं काम डब्याकडं. मग डब्याचं वॅन पाहिलं, तर १०० ने सुरुवात. एका कुलपामागं दुसरं कुलूप!

केबलवाल्याला फोन लावला. ‘स्टॅटिक आयपी पाहिजे.’ म्हणजे न बदलणारा, फक्त आपला असा बाहेरचा पत्ता.

‘कामून? सीसीटीव्ही लावायलाव का?’

म्हटलं, तसंच समजा. आपल्याकडं दुकानदार मोबाइलवर कॅमेरा बघायला स्टॅटिक आयपी मागतात, त्यामुळं त्याला तेवढंच कारण ठाऊक. तुम्हीही गेमचं नाव काढू नका, ‘सर, ते आमच्याकडं नसतं’ ऐकावं लागेल. त्याचे महिन्याला वेगळे पैसे पडतात, तेवढं आधी विचारून घ्या. दुसऱ्या दिवशी पत्ता बदलला. डब्यात यूपीएनपी चालू होतंच. पीएस४ पूर्ण बंद करून सुरू केला, नेटवर्कची चाचणी लावली, नॅट टाइप २. तक्त्यातलं एकही पोर्ट भरावं लागलं नाही, कारण यूपीएनपी चालू असेल तर कन्सोल हवं ते पोर्ट स्वतःच मागून घेतो.

टाइप २ आला की जागेवरून उठा. टाइप १ म्हणजे कन्सोल थेट इंटरनेटला जोडलेला. त्याच्या नादी लागून काहीच पदरात पडत नाही. उलट, टाइप ३ असला तरी गेम बनवणाऱ्या कंपनीच्याच सर्व्हरवर चालणारे बरेच गेम सुरळीत चालतात. अडतं ते खेळाडूंचे कन्सोल एकमेकांशी थेट बोलतात तिथं.

आता तुमच्या मित्राचं डीएमझेड. बाहेरून आलेलं आणि कुणाच्या नावाचं नसलेलं सगळं एकाच पत्त्यावर ढकला, एवढाच त्याचा अर्थ. वॅन आयपी खरा असेल तर ते चालतं. सीजीनॅट असेल तर डीएमझेडही त्याच खोलीच्या आत आहे, दिंडी दरवाजा तसाच बंद. मित्राचं काम झालं असेल तर त्याला खरा पत्ता मिळालेला आहे, डीएमझेडचं त्यात श्रेय कमी.

पण मी डीएमझेड टाळतो ते दुसऱ्याच कारणाने. माझ्याच घरी डीएमझेडमध्ये १९२.१६८.१.५ टाकून ठेवला होता, तो पीएस४चा पत्ता. दुपारी लाईट गेली, आली. स्वस्त राऊटर बंद पडला की कुणाला कुठला नंबर दिला ते विसरतो. आधी जागा होईल त्याला आधी नंबर. त्या दिवशी ५ नंबर सीसीटीव्हीच्या डीव्हीआरने पटकावला. चार दिवस बाहेरची सगळी वर्दळ थेट माझ्या कॅमेऱ्यांच्या डब्यावर, आणि त्याचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच. २०१६ साली मिराय नावाच्या मालवेअरने असलेच कॅमेरे आणि डीव्हीआर अशाच न बदललेल्या पासवर्डांनी ताब्यात घेतले होते. २१ ऑक्टोबरला वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या डाइन या कंपनीवर त्यांच्याकरवी हल्ला झाला, तेव्हा अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स तासन्‌तास अडखळत होते. माझ्या डीव्हीआरने असं काही केलं नाही बहुतेक, पण पासवर्ड त्याच रात्री बदलला. तेव्हा डीएमझेड लावायचंच असेल, तर आधी डीएचसीपीच्या, म्हणजे घरात पत्ते वाटायच्या, पानावर पीएस४चा मॅक ॲड्रेस (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) टाकून त्याचा नंबर राखून ठेवा. पोर्ट हाताने भरलीत तरी हे लागतंच. नाहीतर दर लोडशेडिंगनंतर ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’.

२०० च्या प्लॅनवर मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे.

ऑनलाइन खेळ चालू असताना सहसा एक एमबीपीएसही लागत नाही. लॅग येतो तो वेळेचा. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. उदगीरहून मुंबईपर्यंत वायर वळसे घेत ६०० किलोमीटर धरली, तरी जाऊन-येऊन ६ मिलिसेकंद. सर्व्हर सिंगापूरला असेल तर मुंबईपासून सरळ रेषेतच सुमारे ३,९०० किलोमीटर. म्हणजे ३९ मिलिसेकंदांच्या खाली कुणाचा बापही जाऊ शकत नाही, प्लॅन ४० चा असो की २०० चा. १०० जीबीचा गेम उतरवायला ४० च्या प्लॅनवर साडेपाच तास लागतात आणि २०० वर तासाच्या थोडं वर. त्यासाठी घ्यायचा तर जरूर घ्या.

मग मधेच खेळाडू गोठून का उभा राहतो? लॅपटॉप लॅन केबलने जोडून मी ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला सतत पिंग लावून बसलो होतो, म्हणजे निरोप जाऊन यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजत. २४, २५, २३, २४. तेवढ्यात वहिनी नांदेडचं लग्न उरकून घरी आल्या. फोनने वायफाय पकडला आणि लग्नाचे फोटो वर चढायला लागले. ८०. १९०. ३४०. ४१०. वहिनी पाणी प्यायला बसल्या होत्या, त्यांनी फोन पर्समधून काढलासुद्धा नव्हता. आमच्या घरी अपलोड नऊ-दहा एमबीपीएसच्या वर जात नाही. डब्याच्या पोटात रांग लागते, आणि गेमच्या माहितीचं इवलंसं पाकीट तीनशे फोटोंच्या मागं उभं राहतं. जिम गेटिस या इंजिनिअरने या दुखण्याला बफरब्लोट हे नाव प्रचलित केलं. रांग आवरण्याची कोडेल ही पद्धत २०१२ मध्ये आली. चांगल्या राऊटरमध्ये, विशेषतः ओपनडब्ल्यूआरटी हे राऊटरचं मोफत सॉफ्टवेअर घातलेल्या, ती एसक्यूएम नावाने सापडते. पांढऱ्या डब्यात ती नसते, पण क्यूओएस किंवा बँडविड्थ कंट्रोल असं काहीतरी असतं. तिथं सगळ्या घराचा अपलोड प्रत्यक्ष मिळतो त्याच्या ८५ टक्क्यांवर बांधला. फोटो चढत असतानाच पिंग परत ३५ च्या आसपास आला. तेही नसेल तर फोनचा फोटो बॅकअप रात्रीवर ढकला. वहिनींना हे समजावणं राऊटरपेक्षा अवघड गेलं.

वायफायबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण प्रतिक्रियेत ‘जुना वाडा’ असं लिहिलंय म्हणून सांगतो. दीड-दोन फुटी दगडी भिंतीतून ५ गिगाहर्ट्‌झ जवळपास जातच नाही. २.४ जातो, पण सगळ्या गल्लीचे राऊटर त्याच पट्ट्यात कोंबलेले असतात. त्यातले एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. पीएस४ अगदी पहिल्या मॉडेलचा असेल तर त्याला ५ गिगाहर्ट्‌झ दिसतच नाही, उगाच शोधू नका. सरळ कॅट ५ई ची केबल ओढा. शंभर मीटरपर्यंत काही होत नाही. फक्त ती गच्चीवरून उघडी नेऊ नका. फायबरमधून वीज वाहत नाही, तांब्याच्या लॅन केबलमधून वाहते. वळवाच्या पावसात शेजारी वीज कोसळली आणि आमच्या राऊटरचे केबल खोचायचे दोन पोर्ट एका क्षणात मेले.

डब्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावायचा का, हे लेखाखाली अजून दोघांनी विचारलंय. लावा. पण चौकातल्या खांबावर केबलवाल्याची जी पेटी आहे, तिला बॅटरी आहे का ते आधी बघा. नसेल तर लाईट गेल्यावर तुमचा डबा नुसता हिरवे दिवे दाखवत बसेल.

लेख मी आज दुपारी उलटा केला आहे. वॅन आयपी सगळ्यात वर घेतला आणि पोर्टचा तक्ता तळाला नेला, वर ‘खरा आयपी असेल तरच’ अशी ओळ टाकून. तुम्ही तेवढा डबा उघडून बघा आणि वॅनचे पहिले दोनच आकडे इथं कळवा. पुढचे दोन लिहू नका, इथं कोणीही वाचतं. १०० निघाला तर केबलवाल्याशी काय बोलायचं ते वर दिलंच आहे. १००, १० किंवा १९२.१६८ नसेल, तर चूक माझ्या तक्त्यात आहे, आणि तिसरा रविवार माझ्याकडून. व्हिडिओ कॉल लावा, सोबत बसून बघू.