होऊन जाईल सर!

मला एक डबा पाहिजे होता. अगदी साधा, पत्र्याचा, ४०० बाय ३०० बाय २०० मिमी, एका बाजूला दार, आत सर्किट बसणार, वरून पावडर कोटिंगचा रंग. असे पंचवीस. ड्रॉइंग मी स्वतः काढलं, तीनदा झूम करून कौतुकाने बघितलं आणि तीन फॅब्रिकेशनवाल्यांना पाठवून दिलं. म्हटलं आता तीन आकडे येतील, त्यातला छोटा बघून ऑर्डर टाकायची, विषय संपला.

तर एकाने भाव दिला किलोवर, दुसऱ्याने नगावर आणि तिसऱ्याने आकडाच नाही, नुसतं "एकदा येऊन जा". किलोवाल्याच्या भावात कोटिंगचे पैसे वेगळे, बिजागरीचे वेगळे, लॉकचे वेगळे. आता किलो आणि नग यांची तुलना करायची कशी, म्हणून रात्री बसून डब्याचं वजन काढलं (स्टीलची घनता ७.८५, शाळेनंतर पहिल्यांदाच कामाला आली), तरी हिशोब जुळेना, मग कळलं की कापून उरलेला पत्राही त्याने माझ्याच किलोत धरलाय. म्हणजे जो पत्रा मला मिळणारच नाही त्याचे पैसे मी भरायचे आणि तो भंगारात विकून त्याचे पैसे परत त्याने घ्यायचे. डोकं आहे हां, मानलं.

शेवटी प्रत्यक्ष जाऊन बघायचं ठरवलं.

हा किलोवाला एकदम गोड माणूस. टॉलरन्स, म्हणजे मापात फरक, किती धरता? "होऊन जाईल सर." कोपरे पूर्ण वेल्ड करणार की नुसते टाके मारणार? "होऊन जाईल सर." आठ दिवसांत? "त्याच्या आधीच होऊन जाईल." डबा पाण्यावर चालेल का असं विचारायचं तोंडावर आलं होतं, पण गप्प बसलो, उगाच होऊन गेलं असतं.

नगवाल्याकडे लेझर कटिंगचं मोठ्ठं मशीन, त्याने मला त्या मशीनभोवती दोनदा फिरवून आणलं. बेंडिंग? "ते बाहेरून करून घेतो." वेल्डिंग? "त्याचा माणूस वेगळा आहे." कोटिंग? "ते तर सगळेच बाहेर देतात." म्हणजे माझा डबा तयार होईपर्यंत माझ्यापेक्षा जास्त प्रवास करणार आणि ओरखडा कुठल्या मुक्कामी पडला ते शोधायला मलाही त्याच्या मागे मागे जावं लागणार.

तिसरे एक काका. चष्मा कपाळावर सरकवून ड्रॉइंगकडे दोन मिनिटं नुसतं बघत बसले, मग म्हणाले, "साहेब, हे भोक गोल पाहिजे का लांबट?"

"गोलच की."

"मग बेंडला एवढं चिकटून का दिलंय? वाकताना पत्रा ओढला जातो, भोक ताणलं जाणार. जाडीच्या दोन-अडीच पट तरी लांब घ्या, वर बेंडची त्रिज्या वेगळी. आणि हा शेवटचा बेंड मारताना डबा वाकवायच्या मशीनच्या पंचला अडतोय, मग काय, मशीन कापू?"

लाल पेनाने सात गोल केले. सात! आधी एक सॅम्पल, ते पास झालं की बाकीचे, एकूण तीन आठवडे. मी म्हटलं, काका, आठ दिवसांत नाही का जमणार? "नाही."

मला भयंकर राग आला, कारण सातातल्या पाच गोलांवर मला उत्तर सुचेना. त्याच तिरीमिरीत ऑर्डर होऊन-जाईलला देऊन टाकली. वर भाव करताना ऐटीत सांगितलं, "१६ गेज नको, जरा भक्कम पाहिजे, १८ गेजच वापरा." तो इतक्या पटकन तयार झाला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे मला घरी येऊन कळलं. दीड मिमीच्या आसपासचा पत्रा मी स्वतः हट्टाने सव्वाच्या आसपास आणून ठेवला होता.

डबे मात्र खरंच आठव्या दिवशी आले. भोकं लांबट. टॅप मारून आटे पाडलेल्या भोकांत कोटिंग भरलेलं, त्यामुळे एम६चा (६ मिमीचा) बोल्ट तोंडाशीच अडायचा. दार लागेना. चौकट ३०० आणि दारही ३००, कागदावर फार छान बसत होतं, आणि त्यात दोन्हींवर कोटिंगचा थर. फोन केला तर पहिल्यांदाच त्याच्या तोंडून वेगळं वाक्य ऐकलं, "सर, तुमच्या ड्रॉइंगप्रमाणेच आहे."

होतंच तसं. काय बोलणार.

एक डबा काखेत मारून काकांकडे गेलो. त्यांनी एकदा दार लावून बघितलं, भोकात बोट फिरवलं, बोलले काहीच नाही, ड्रॉवरमधून ते लाल गोलवालं ड्रॉइंग काढलं आणि शांतपणे आठवा गोल केला, दाराला. म्हटलं, काका, आता जरा अर्जंट आहे, दोन आठवड्यांत?

"नाही."

हे नाही मात्र कानाला फार गोड लागलं. जुन्या पंचवीसपैकी एक डबा माझ्या टेबलाखाली आहे, त्यात वायरींचे तुकडे टाकतो. दार लागत नसल्यामुळे फार सोयीचं पडतं.