नवी गाडी परत करता येते, पण त्या मेसेजमध्ये सांगितलंय तशी नाही

नातेवाइकांच्या, सोसायटीच्या आणि कॉलेजमित्रांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा: ‘नवीन ग्राहक कायद्यानुसार नवी गाडी ३० दिवसांत बिघडली तर शोरूमला ती परत घेऊन पूर्ण पैसे द्यावेच लागतात. गाडी शोरूमच्या दारात लावा, चाव्या द्या, बँकेचे हप्ते थांबवा. जबाबदारी कंपनीची. ३० दिवस उलटले की हक्क संपला, मग फक्त वॉरंटीतली दुरुस्ती.’

ग्राहक तक्रारींचे अर्ज लिहायला मी लोकांना मदत करते. हा मेसेज मला अस्वस्थ करतो, कारण तो वाचून कुणी पाऊल उचललं तर बाजू न्यायाची असूनही तो माणूस हरू शकतो. म्हणून त्यातलं एकेक विधान तपासूया.

आधी ते ३० दिवस. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे आणि त्यात ३० दिवसांचा उल्लेख खरोखरच आहे. गोंधळ तिथूनच झालेला दिसतो. कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची व्याख्या दिली आहे. सदोष वस्तू विकल्यावर ती परत घेऊन पैसे द्यायला बिलावरच्या मुदतीत, आणि तशी मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, नकार देणं ही त्यातली एक प्रथा. म्हणजे मुदतीचं बंधन विक्रेत्यावर आहे. गाडी महिनाभर चालवून बघायची आणि नाही पटली तर परत द्यायची, अशी सवलत त्यात नाही. शिवाय सगळं अडतं ते ‘सदोष’ या शब्दावर. शोरूम दोष मान्य करत नसेल तर तो ग्राहक आयोगापुढे, म्हणजे ज्याला आपण ग्राहक न्यायालय म्हणतो त्याच्यापुढे, सिद्ध करावा लागतो. ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायद्याने सदोष वस्तू ३० दिवसांत नाकारायचा थेट हक्क ग्राहकाला दिला आहे. अमेरिकेत राज्याराज्यांत ‘लेमन लॉ’, म्हणजे फक्त सदोष गाड्यांसाठी केलेले कायदे आहेत. तिकडे राहणाऱ्या मामाने भाच्याला फोनवर दिलेला सल्ला तिकडे बरोबरच असतो. भारतात मात्र गाड्यांसाठी असा वेगळा कायदा नाही.

‘पूर्ण पैसे द्यावेच लागतात’ हेही तसंच अर्धवट आहे. कलम ३९ प्रमाणे आयोग दोष दूर करायला सांगू शकतो, वस्तू बदलून द्यायला सांगू शकतो, किंमत व्याजासह परत करायला लावू शकतो, वर नुकसानभरपाईही देऊ शकतो. यातलं काय मिळणार हे पुरावा ठरवतो. मारुतीच्या एका गाडीच्या क्लच असेंब्लीत दोष होता. गाडीच बदलून देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली रद्द केला, कारण वॉरंटीतली जबाबदारी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची होती. एखादा भाग बदलून प्रश्न सुटत असेल, तर अख्खी गाडी बदलून मिळणं अवघड असतं. तोच दोष दुरुस्तीनंतरही पुन्हा पुन्हा येतोय, किंवा मुळात बांधणीतच आहे, हे दाखवता आलं की बाजू बळकट होते.

आणि हे दाखवायचं कशाने? जॉबकार्डाने, म्हणजे गाडी सर्व्हिसला देताना तक्रारी नोंदवतात त्या कागदाने. मी पाहिलेल्या बहुतेक कमकुवत तक्रारी इथेच कमकुवत झाल्या आहेत. ग्राहक सांगतो, ‘तिसऱ्या गिअरला गाडी झटके देते.’ सर्व्हिस अॅडव्हायझर कार्डावर लिहितो, ‘जनरल चेकअप’. ग्राहक घाईत सही करतो. गाडी परत न्यायला येतो तेव्हा ‘काम समाधानकारक’ या ओळीखाली आणखी एक सही करतो. असं चार वेळा झालं तरी कागदावर तो दोष एकदाही नोंदलेला नसतो. म्हणून तक्रार तुमच्या शब्दांत, किलोमीटर आणि तारखेसह लिहून घ्या. तशी लिहिली जात नसेल तर सही करू नका. काम पटलं नसेल तर तसं कार्डावर लिहा आणि त्याच दिवशी शोरूमला आणि कंपनीला ईमेल करा. झटक्यांचे, आवाजाचे, डॅशबोर्डवरच्या दिव्यांचे व्हिडिओ जपून ठेवा. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल, तर कलम ३८ प्रमाणे आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तशी मागणी अर्जातच करावी.

मेसेजमधला सर्वांत घातक सल्ला हप्ते थांबवण्याचा आहे. कर्जाचा करार तुमचा आणि बँकेचा. गाडी चालते की नाही, याच्याशी बँकेला देणं-घेणं नसतं. हप्ता चुकला की दंड लागतो, सिबिल स्कोअर घसरतो आणि पुढे गाडी जप्तीपर्यंत प्रकरण जातं. खटल्याचा विषय असलेली गाडीच हातातून गेली तर तपासणी कशाची करणार? चाव्या टाकून निघून येणंही धोक्याचंच. बंद उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर बसतात आणि मूळ दोष कोणता, नंतरचा कोणता, हा वाद सुरू होतो. उलट टोकही टाळायला हवं. दोष आहे म्हणायचं आणि तीस-चाळीस हजार किलोमीटर विनातक्रार पळवायची, तर समोरचा वकील पहिला मुद्दा तोच मांडतो.

‘जबाबदारी कंपनीची’ म्हणून फक्त कंपनीला प्रतिवादी करणारे अनेक जण आहेत. त्यांनी गोव्यातला एक खटला लक्षात ठेवावा. तिथल्या ग्राहकाला २०११ मध्ये टाटांची गाडी नवी म्हणून विकली गेली. ती प्रत्यक्षात २००९ ची, ६२२ किलोमीटर चाललेली निघाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने टाटा मोटर्सला जबाबदारीतून मुक्त केलं, विक्रेत्यावरचा ठपका मात्र राहिला. कंपनी आणि डीलर स्वतंत्रपणे व्यवहार करतात. डीलरने जे केलं ते कंपनीला माहीत होतं, असं सिद्ध झालं नव्हतं. त्यामुळे दोघांनाही प्रतिवादी करा आणि बांधणीतला दोष कंपनीचा, फसवून विकणं डीलरचं, असं कोणाची चूक कोणती ते वेगवेगळं मांडा.

३० दिवसांनंतर हक्क संपतो, हे तर साफ चूक. कलम ६९ प्रमाणे गाडी घेतल्यापासून नव्हे, तर तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत दाद मागता येते. ह्युंदाईची क्रेटा ऑगस्ट २०१५ मध्ये घेतलेल्या ग्राहकाला नोव्हेंबर २०१७ मध्ये अपघात झाला आणि एअरबॅग उघडल्या नाहीत. भरपाईबरोबरच गाडी बदलून देण्याचा आदेशही एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला.

या मेसेजला शोरूमवाल्यांकडून एक उत्तर हमखास मिळतं: ‘पासिंग झालं की गाडी तुमची, परत घेता येत नाही.’ तेही मानू नका. नोंदणीशिवाय, निदान तात्पुरत्या नोंदणीशिवाय, गाडी ग्राहकाच्या ताब्यात द्यायचीच नाही असा मोटार वाहन नियम आहे. नोंदणीने हक्क संपत असता तर तो कधीच कुणाला मिळाला नसता.

खर्चाची भीतीही बाळगू नका. १० ते २० लाखांच्या गाडीसाठी जिल्हा आयोगाची फी ४०० रुपये आहे, ५ लाखांपर्यंत काहीच नाही. वकील सक्तीचा नाही आणि अर्ज तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येतो. गाडी व्यवसायासाठी घेतली असेल तर मात्र अडचण येते. स्वतः टॅक्सी चालवून पोट भरणारा ग्राहक ठरतो, दहा गाड्यांचा ताफा चालवणारा नाही. कायद्यात निकालासाठी ३ महिने, तपासणी लागली तर ५ महिने सांगितले आहेत. प्रत्यक्षात यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ जातो, तेवढी मनाची तयारी ठेवा.

हा मेसेज वाचून गाडी आधीच शोरूममध्ये लावली असेल, तर आजच ईमेल पाठवा: गाडी कोणत्या तारखेला, किती किलोमीटरला, कोणत्या दोषासाठी ताब्यात दिली आणि तो दूर करून मिळावा किंवा गाडी बदलून मिळावी. पोच घ्या. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपा. आणि या महिन्याचा हप्ता भरा.