तेल्या, तीन स्क्रीन आणि अण्णांची वही

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी अण्णांनी सांगोल्याच्या बागेत उभं राहून मोबाइलला विचारलं, "डाळिंबाच्या पानावर तेलकट डाग पडल्यात, काय मारावं?" त्यांना टाइप करणं जमत नाही. 2017 साली गुगलच्या बोलून टाइप करण्यात मराठी आली आणि त्यांच्यासारख्या कितीतरी जणांचा शोध तिथून सुरू झाला. उत्तरात नुसते व्हिडिओ आले. त्यातला एक पटला, तो संध्याकाळी टीव्हीवर नीट बघू म्हणून मोबाइल खिशात टाकला.

संध्याकाळी तो व्हिडिओ काही सापडेना. टीव्हीवर भावाचा जीमेल. अण्णांचा जीमेल मोबाइल विकणाऱ्या दुकानदाराने काढून दिलेला, त्याचा पासवर्ड घरात कुणालाच माहीत नाही. दोन्हीकडे एकच खातं असतं तर सकाळचा व्हिडिओ हिस्ट्रीत दिसला असता. रिमोटने एकेक अक्षर शोधत दुसराच व्हिडिओ लागला, त्यात औषधही दुसरंच. रात्री मला पुण्याला फोन आला, "तू लॅपटॉपवर बघ गं."

या तेलकट डागांच्या रोगाला आमच्याकडे तेल्या म्हणतात. मी त्याचं इंग्रजी नाव, 'बॅक्टेरियल ब्लाइट', टाकलं आणि वेगळंच जग उघडलं. हा रोग बुरशीचा नाही, झँथोमोनास नावाच्या जिवाणूचा. पावसाच्या उडणाऱ्या थेंबांनी पसरतो, छाटणीच्या कात्रीतून पसरतो, रोगट रोपांतून नव्या बागेत येतो. फळावर काळे डाग पडून ते तडकतं. सकाळच्या व्हिडिओतला माणूस बुरशीनाशक दाखवत होता! रोगट फळं-पानं वेचून नष्ट करा, कात्री निर्जंतुक करा, 1 टक्का बोर्डो फवारा (100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना), असं सगळं मला दहा मिनिटांत मिळालं. तेल्या फार असेल त्या भागात हस्त बहार धरावा, म्हणजे पाऊस सरताना सप्टेंबर-ऑक्टोबरात झाडं फुलोऱ्यावर आणावीत, हेही तिथेच वाचलं. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र 2005 पासून आमच्याच जिल्ह्यात, सोलापूरला आहे.

घरी सगळे म्हणतात, अण्णांना मोबाइल कळत नाही. मला हे अजिबात मान्य नाही. पानावर जे दिसलं ते त्यांनी नेमक्या शब्दांत विचारलं होतं. मला फक्त त्या डागांचं इंग्रजी नाव माहीत होतं, त्यापलीकडे माझं काही कर्तृत्व नाही. बाग त्यांची, नुकसान त्यांचं, आणि खात्रीची माहिती मात्र माझ्या लॅपटॉपवर, इंग्रजीत.

ती परत त्यांच्यापर्यंत पोचवणं हे आणखी एक काम. पीडीएफ पाठवली तर मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी, वाचायला पान डावी-उजवीकडे सरकवत बसायचं. मग मी लॅपटॉपच्या स्क्रीनचाच फोटो काढून पाठवला. हसू नका, आपण सगळेच हे करतो. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज पाठवायची सोय 2022 मध्ये आली, त्याआधी लोक एकट्याचा ग्रुप काढून त्यात लिंका साठवायचे. एका स्क्रीनवरचं दुसरीवर न्यायला माणसं स्वतःच असे पूल बांधत आलीत.

शेतीची माहिती तयार करणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. मथळ्यात 'तेल्या' लिहा, 'तेलकट डाग' लिहा. मराठीत, साध्या मजकुरात, मोबाइलच्या रुंदीत मावेल असं लिहा. बोलून विचारलेला प्रश्न तुमच्यापर्यंत पोचू द्या. आणि पुण्या-मुंबईतल्या पोरापोरींनो, पुढच्या वेळी गावी गेलात की आई-वडिलांच्या मोबाइलवरचं खातं त्यांच्या ताब्यात आहे का ते बघा. नसेल तर नवं काढा, टीव्हीवरही तेच लावा आणि पासवर्ड त्यांनाच लिहून ठेवायला सांगा.

त्या रात्री शेवटी मी फोनवर वाचत गेले आणि अण्णा फवारणीच्या वहीत लिहीत गेले. मोरचूद, चुना, कात्री, हस्त बहार. मग म्हणाले, "त्याचं इंग्रजी नाव परत एकदा सांग, सावकाश." आता वहीच्या पहिल्या पानावर तीन शब्द एकाखाली एक आहेत: तेलकट डाग, तेल्या, बॅक्टेरियल ब्लाइट.