इंग्रजी स्पेलिंग सुधारायला हवं, आणि हे म्हणायचा हक्क आपल्यालाही आहे

ज्या घरात इंग्रजी बोललं जातं, तिथल्या मुलाला 'आयलंड' हा शब्द आधी ऐकून माहीत असतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलीला तो पहिल्यांदा पुस्तकातच भेटतो. ती लिहिलंय तसं 'इसलँड' वाचते आणि वर्ग हसतो. अक्षरावर विश्वास ठेवायला मराठी शिकवताना आपणच तिला सांगितलेलं असतं. मग तिचं काय चुकलं?

त्या शब्दातला एस तर गैरसमजातून आलेला आहे. जुन्या इंग्रजीत तो नव्हता. पुढे लॅटिन 'इन्सुला'शी नातं जोडलं गेलं आणि एस शिरला. नातं नव्हतंच! कर्ज या अर्थाचा 'डेट' फ्रेंचमधून आला तोही बीशिवाय. लॅटिन मूळ दिसावं म्हणून तो बी नंतर घातला. सरदार या अर्थाच्या 'नाइट'मधला के निदान पूर्वी उच्चारला तरी जात होता. कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना आणला, हळूहळू स्पेलिंग ठरून गेलं आणि उच्चार मात्र बदलत राहिले.

यावर नेहमीचा आक्षेप असतो की, कुणाच्या उच्चाराप्रमाणे लिहायचं? लंडनच्या, टेक्ससच्या की पुण्याच्या? आक्षेप खरा आहे, म्हणून मी सगळी भाषा उच्चाराप्रमाणे लिहा असं म्हणतच नाही. पण 'डेट'मधला बी आणि 'रिसीट'मधला पी लंडनमध्येही उच्चारत नाहीत आणि टेक्ससमध्येही नाहीत. सुरुवात तिथून करायला काय हरकत आहे?

हुकूम काढून मात्र हे होणार नाही. १९०६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छपाईत तीनशे शब्दांची सोपी स्पेलिंग वापरायचा आदेश दिला. वर्तमानपत्रांनी टर उडवली, काँग्रेसने विरोध केला आणि काही महिन्यांतच त्यांना माघार घ्यावी लागली. त्याआधी नोआ वेब्स्टरने 'कलर'मधला यू काढला होता, तो अमेरिकेत कायमचा गेला. त्याच्याकडे सत्ता नव्हती, शब्दकोश आणि शाळेची पुस्तकं होती. त्याच्याही सगळ्या सूचना टिकल्या नाहीत, पण टिकल्या तेवढ्यांनी कुणाचं काय बिघडलं?

जुनी पुस्तकं वाचता येणार नाहीत, ही भीतीही मला पटत नाही. आपण १९६२ च्या लेखन नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार सोडले. 'कांहीं'चं 'काही' झालं, 'नांव'चं 'नाव' झालं. त्याआधी छापलेली पुस्तकं आपण आजही अडखळल्याशिवाय वाचतो.

इंग्रजीला मालक नाही, तिच्यावर हुकूम चालवणारी अकादमी नाही. म्हणजे ती जितकी लंडनची तितकीच शाळेत घोकून शिकणाऱ्या आपल्या मुलांचीही आहे. म्हणून माझी मागणी साधी आहे. मुलाने 'थ्रू' हा शब्द टी-एच-आर-यू असा लिहिला, वाक्य बरोबर आहे, अर्थ पोचतोय, तर बोर्डाच्या पेपरात त्याचा गुण कापू नका.